डावी कूस

तर झालं एवढंच, की ती विसरली. टेलरच्या दुकानात मागच्या बाजूला पडदा लावून केलेला एक चौकोन असतो ना, तिथं अर्धवट शिवलेल्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये दोन्ही हात वर करून ती उभी होती, काखेत टाचण्या टोचत होत्या, आणि टेलर तोंडात आणखी चार टाचण्या धरून तसाच बोलत होता, "वर, अजून वर. अहो बाई, पेशंट उचलायचेत तुम्हाला, माळ्यावरचा डबा नाही काढायचा." ती हसली. खरोखर मनापासून हसली, आणि हसता हसता तिची नजर त्याच्या टकलावरून पलीकडे भिंतीवरच्या घड्याळावर गेली, तर चार वाजून चाळीस मिनिटं झालेली. चारला वळवायचं असतं. चार म्हणजे चार. आणि ती चाळीस मिनिटं इथं उभी राहून कॉलर गोल हवी की टोकदार यावर वाद घालत होती, शेजारच्या खोलीतल्या मशीनचा आवाज ऐकत होती, आरशात स्वतःकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यात बाबा नव्हतेच. एक क्षणसुद्धा नव्हते. पोटात असा गोळा आला तिच्या, की वर केलेले हात खाली घ्यायचंही सुचेना.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर बघा, तिच्या बाबांचं डावं अंग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गेलं, दाढी करता करता. अर्धी झालेली, अर्धी राहिलेली, तोंडाला साबण तसाच. जन्मभर माणूस लिफ्ट दुरुस्त करत फिरला, शहरातल्या सगळ्या उंच इमारतींची पोटं त्यांनी आतून बघितलेली, आणि घर मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. यावर ते स्वतःच जोक करतात, वाकड्या तोंडानं, अर्धे शब्द गिळत: "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेले लोक काढले मी जन्मभर. आता मीच अडकलो, तर बेल कुठंय ते सापडेना." बाहेरच्यांना यातलं निम्मं कळत नाही, हिला सगळं कळतं. आई त्याच्या आधीच गेलेली, दादा लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, राहिली ही. हिला सगळे बारकी म्हणतात. तेव्हा एकोणीस वर्षांची होती. डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, की एका कुशीवर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कातडी फाटते आणि मग ती भरून येत नाही. ते तिनं जे धरून ठेवलं ते ठेवलंच. डावी, पाठ, उजवी, पाठ, परत डावी. घड्याळ बघायची तिला गरजच पडायची नाही, दोन तास होत आले की मनगटात काहीतरी शिवशिवायला लागायचं. मैत्रिणींची लग्नं तिनं दोन-दोन तासांच्या तुकड्यांत पाहिली, एकीचं नुसतं जेवण, दुसरीचे नुसते हार. सिनेमे इंटरव्हलपर्यंत. तिला कित्येक गोष्टींचे शेवट माहीतच नाहीत.

आणि आज मनगट गप्प होतं. तेच तिला भयंकर वाटलं. हात तिच्या खांद्याला लटकत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. टेलरनं टाचण्या काढल्या, म्हणाला, "शिलाईत दोन बोटं माया ठेवलीय. पहिल्या वर्षी सगळ्या पोरी वाळतात आणि तिसऱ्या वर्षी सगळ्या अंगानं भरतात, मग येतात माझ्याकडे रडत." ती हो म्हणाली. कपडे बदलताना फोन हातात घेतला, घरचा नंबर काढला, आणि परत पर्समध्ये टाकला, कारण फोन करायचा नाही असं ठरलेलं. आज परीक्षा होती. तिची नाही, घरात बसलेल्या दोघांची. दीडला निघायचं, संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायचं नाही, दोनचं वळवणं आणि चारचं वळवणं दादा आणि वहिनीनं आपलं आपण करायचं, आणि ते जमलं तर ती सोमवारी नर्सिंग स्कूलला जाणार, नाही जमलं तर नाही. इतकं सरळ होतं ते. आणि रस्त्यावर आल्यावर, गर्दीत धक्के खात चालताना, तिला कळलं की पोटातला गोळा काहीतरी झालं असेल म्हणून आलाच नव्हता. तो आला होता, काहीच झालं नसेल म्हणून.

हे तिनं लगेच झटकलं. असले विचार करायचे नसतात, माणूस स्वतःच्याच मनातून उतरतो. ती दुकानांच्या काचांमधून बघत चालली, पांढरे बूट घ्यायचे राहिलेत, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्यायचं राहिलंय, शाळेनं पाठवलेल्या यादीत एकवीस वस्तू होत्या आणि तिनं पंधरांपुढे टिक केली होती. काविळीच्या लशीची दोन इंजेक्शनं झाली. छातीचा फोटो झाला. फिटनेसच्या डॉक्टरीणबाईंनी सगळीकडे ठोकून बघितलं आणि विचारलं, "झोप लागते का शांत?" तेव्हा ती लगेच हो म्हणाली, कारण सलग दोन तास लागायचीच की. आणि मुलाखत! मुलाखतीत मुख्य मेट्रन चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या होत्या, "नर्सच का व्हायचंय?" आणि हिनं बाबांचं सगळं सांगितलं, तेल कसं लावते, घास कसा भरवते, आणि टेबलापलीकडच्या तिघींचे चेहरे लोण्यासारखे मऊ होत गेलेले तिनं बघितले. त्यातली एक तर म्हणाली, "हिला आपण काय शिकवणार?" पण खरं उत्तर निराळंच होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, मैत्रिणींनासुद्धा नाही. तिला नर्स व्हायचं होतं कारण नर्सची ड्यूटी संपते. आठ तास झाले की दुसरी येते, पहिली म्हणते, सहा नंबरच्या पेशंटचं अमुक बघ, आणि पर्स उचलून चालायला लागते. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तिनं हे रोज बघितलं होतं. दार ढकलून बाहेर जाणाऱ्या त्या पाठी. घरातून सुटायला तिला दुसरं दारच नव्हतं, शिक्षण अर्धवट, ओळख नाही, जे एकच काम येत होतं त्याच कामाच्या दारातून निसटायचं होतं. पहिले सहा महिने हॉस्टेलवर राहायचं, महिन्यातून एकच रविवार घरी. यादीतली ती ओळ तिनं इतक्यांदा वाचली होती की कागद तिथंच दुमडायला लागला होता.

आणि मग ती वही. दादा साधा माणूस, छापखान्यात कामाला, त्याला सगळं कागदावर लागतं. तो म्हणाला, "बारके, आम्ही येतो राहायला. तू फक्त लिहून दे काय काय करायचं ते." ती बसली लिहायला. वाटलं होतं पानभर होईल. पण लिहायला लागली की आठवायचं, आणि आठवलं की लिहावं लागायचं. चादरीला एक चुणी राहता कामा नये, हात फिरवून बघ, डोळ्यांवर भरवसा ठेवू नको. टाच कधीही गादीला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली उशी, टाच हवेत. पाणी नुसतं द्यायचं नाही, श्वासात जातं, दाट करून दे, हनुवटी छातीला लागलीय का बघ, मग चमचा. जेवण झालं की डाव्या गालात बोट घालून बघ, घास तिथं लपून बसतो आणि त्यांना कळत नाही. ते झालं म्हणाले म्हणजे झालेलं नसतं. ते नाही म्हणाले म्हणजे झालेलं असतं. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटानं दाबून सोड, पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, रक्त फिरतंय; पांढरं पडलंच नाही तर मला लगेच फोन कर. असं लिहिता लिहिता शंभर पानी वही भरली. शेवटच्या पानावर जागा उरली होती तिथं तिनं बाबांना कुठला रेडिओ कार्यक्रम आवडत नाही ते लिहिलं. वही दादाच्या हातात देताना तिला जे वाटलं त्याला अभिमानच म्हणावं लागेल. दादानं ती जेवणाच्या टेबलावर बसून वाचली, सगळी, जागचा हलला नाही. मग मिटली आणि वहिनीकडे सरकवली. वहिनी चष्म्याच्या दुकानात आहे, दिवसभर उभी असते, पायांना सूज, तिनं दहा पानं वाचली आणि म्हणाली, "अगं, हे माणसानं करायचं की यंत्रानं?" आणि दादा खाली बघत म्हणाला, "एक वर्ष थांबतेस का? पुढच्या वर्षी ठेवतील की जागा. विचारून बघ." तेव्हा बारकीला रडू फुटायला हवं होतं. फुटलंही. पण रडताना, हात तोंडावर असताना, आत कुठंतरी एक लहानसं, गरम, आवडीचं काहीतरी हललं. बघा, नाही ना जमत. नाहीच ना जमणार कुणाला. ती दोन दिवस तेच चाचपत होती. वही मी त्यांना शिकवायला लिहिली, की घाबरवायला? आणि हे विचारलं की मन असं काही गप्प बसायचं, चोरी पकडलेल्या पोरासारखं.

चार मजले ती जवळजवळ पळतच चढली. तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा वरून हसण्याचा आवाज आला. बाबांचा. बाबांचं हसू म्हणजे खोकल्यासारखं असतं, नवख्या माणसाला भीती वाटते. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाबा पाठीमागे तीन उशा लावून बसते केलेले, उजव्या हातात पत्ते, दादा समोर स्टुलावर, वहिनी कॉटच्या कडेला, मांडीवर बाबांच्या चहाचा कप. चहा पातळ होता. आणि कॉट भिंतीपासून ओढून जागेवरून हलवलेली, मध्ये हातभर बोळ पडलेला, तिथं तीन वर्षांची धूळ, एक चमचा, एक गोळी.

"चोर आहे तुझा भाऊ," बाबा म्हणाले. "पत्ते लपवतो."

"तुमचाच मुलगा," वहिनी म्हणाली. "आली का गं? बस, चहा टाकते."

"चारला वळवलं?"

 दादानं पत्ते पालथे ठेवले. "अगं, दोनला वळवायला गेलो, तर हिला मागून ढकलायला जमेना, म्हणून कॉट ओढली, म्हणजे मला पलीकडून धरता येईल. तेवढ्यात हे म्हणाले, बसवा मला. मग बसवलं. मग पत्ते निघाले."

"म्हणजे बारापासून पाठीवरच."

"बसलेत ना पण," वहिनी म्हणाली. "मजेत आहेत."

बारकीनं पर्स टाकली, हात धुतले, उशा काढल्या. "उजवी," ती म्हणाली, आणि तिघांनी मिळून बाबांना उजव्या कुशीवर घेतलं, तोंड खोलीकडे, पाठ बोळाकडे. ती बोळाच्या तोंडाशी वाकली. बनियन वर केला. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. तिनं अंगठा ठेवला, दाबला, उचलला. डाग पांढरा पडला. आणि मग हळूच, कडेकडेनं, परत लाल झाला. अगदी चांगला, जिवंत, निरोगी लाल. रक्त फिरत होतं. पाच तास आणि काही झालं नव्हतं.

"लाल आहे," ती म्हणाली. "जात नाहीये."

हे ती कशी म्हणाली तिचं तिलाच कळलं नाही. आवाज तिचाच होता, नेहमीचा, कामाचा. दादाचा चेहरा असा पडला की बघवेना. "अरे देवा," तो म्हणाला. "आमच्यामुळं झालं. बघ, मी म्हणत नव्हतो? नाही जमायचं हे."  सोमवार बारकीच्या डोळ्यांदेखत विरघळत होता, मेट्रन, हॉस्टेल, पाठी दाखवत दारातून जाणाऱ्या बायका, आणि ती वाकलेलीच होती, अंगठा तसाच हवेत धरून, आणि तिला वाटत होतं की आता कुणीतरी म्हणायला हवं, राहा.

"सरक जरा," वहिनी म्हणाली. ती आली, चष्मा वर केला, आपलं बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. बराच वेळ बघत राहिली. मग परत दाबलं. "पांढरं होतंय की गं."

बारकीनं अंगठा मुठीत मिटला.

"तूच लिहिलंयस. पांढरं झालं तर ठीक. हे बघ, झालं. परत लाल. झालं पांढरं." तिनं मान वर करून बारकीकडे बघितलं. रागानं नाही. दुकानात ती गिऱ्हाइकांना अक्षरं वाचायला लावते आणि ते चुकीचं वाचतात तेव्हा बघत असेल तशी. थोडंसं थांबून, दुसरी काच घालून बघूया का अशी.

"मग जात नाहीये म्हणजे काय?" दादा म्हणाला.

"माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मलाही सांगा कुणीतरी," बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले. "माझीच पाठ आहे."

"काही नाही, बाबा," वहिनी म्हणाली. "बारकीनं घाईत बघितलं. सगळं ठीक आहे." आणि बनियन खाली ओढला, नीट, चुणी न ठेवता. दादानं श्वास सोडला, हसला, म्हणाला, "च्यायला, जीव काढलास की. म्हणजे जमतंय म्हण आम्हाला! जा बाई तू सोमवारी. जा बिनघोर." आणि खरंच मोकळा झाला तो, चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेला, कपांचा आवाज येऊ लागला.  बारकीला जायला मिळालं होतं. हवं तेच मिळालं होतं, सगळ्यांसमोर, राजीखुशीनं, आणि तिला वाटलं आपल्याला हाताला धरून बाहेर काढलंय.

"आता डावीवर घेऊया," ती म्हणाली. काहीतरी करायला हवं म्हणून. "उजवीवर फार नको."

"मी ढकलते," वहिनी म्हणाली. "तुझ्यासारखी, मागून. शिकू दे मला. तू पलीकडं जा, कंबर धर."

म्हणून ती बोळात शिरली, भिंत आणि कॉट यांच्यामध्ये, उकिडवी बसली. वहिनीनं वहीतल्यासारखे तळवे ठेवले, एक खांद्यावर, एक कंबरेवर. एक, दोन, तीन. बाबा तिच्याकडे आले. आणि तो चेहरा तिनं कधी बघितलाच नव्हता. म्हणजे चेहरा रोजचाच, तीन वर्षं ती तो पुसतेय, पण वळतानाचा नाही. कॉट कायम भिंतीला लागलेली, ती कायम मागे, आणि डाव्या कुशीवर जाताना बाबांचं तोंड भिंतीकडे. आता ते तिच्यापासून वीतभर होतं. डोळे घट्ट मिटलेले. तोंडाची चांगली बाजू कानापर्यंत ओढली गेलेली, दात उघडे. आवाज नाही. डावा खांदा त्यांच्याच अंगाखाली दुमडून अडकलेला, आणि सगळं वजन त्याच्यावर. दोन-तीन सेकंद. मग हळूहळू सगळं सैल पडलं, ओठ जागेवर आले, डोळे उघडले, आणि तिला ओळखीचा असलेला तो चेहरा तयार झाला, झालं म्हणणारा.

"दुखलं?"

"नाही."

"बाबा."

"थोडं."

"आजच?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे. त्या भिंतीची त्यांना फार जुनी ओळख असणार. "डावीवर होतं असं," ते म्हणाले. "खांदा अडकतो."

दिवसातून तीनदा डावी. तिनं गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला. "सांगायचं नाही का मग?"

"तू एवढं मन लावून करायचीस," बाबा म्हणाले.

"काय झालं?" पाठीमागून वहिनी. "चुकलं का माझं?"

"नाही," बारकी म्हणाली. "अगदी माझ्यासारखंच केलंस."

वहिनी खूश झाली आणि आत गेली. ढकलताना कॉट चार बोटं सरकली होती, बारकीचे गुडघे कॉटमध्ये आणि पाठ भिंतीत, उठायलाही जागा नव्हती. शंभर पानं. चादरीची चुणी, गालातला घास, रेडिओसुद्धा. तिच्या तोंडावर बाबांचा श्वास येत होता, चहाचा वास असलेला.

"तिथं विचार," बाबा म्हणाले.

"काय?"

"खांदा आधी पुढं कसा घ्यायचा. त्यांना माहीत असेल."

"विचारीन."

"मग येऊन हिला सांग."

"महिन्यातून एकच रविवार सोडतात, बाबा."

ते विचार करत राहिले. "चालेल," म्हणाले. "महिना काढतो."

तिनं हात घातला. कसा घालायचा तिला माहीत नव्हतं, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिला माहीत नव्हतं, ती घाबरत घाबरत बोटं गादी आणि खांदा यांच्यामध्ये सरकवत गेली, बाबा दचकले की थांबायची, मग परत. तळवा खांद्याच्या हाडाखाली पोचला. हाड गरम होतं आणि अपेक्षेपेक्षा लहान. तिनं ते किंचित उचलून धरलं. बाबांनी नाकातून लांब श्वास सोडला.

"काढू हात?"

"नको. असं नाही दुखत."

ती हलली नाही. आतून दादानं विचारलं, "बारके, चहा झालाय. निघतेस का? ओढू कॉट?" बाबांचे डोळे मिटले होते, या वेळी सैल.  तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या, आधी बोटांना, मग तळव्याला, मग मनगट जड झालं, आणि थोड्या वेळानं त्या अंधाऱ्या जागेत हाड कुठलं आणि हात कुठला, तेच तिला कळेनासं झालं.